क्लाउड, नग एक

छोट्या संस्थेत संगणकतज्ज्ञ नेमला जात नाही, तो सापडतो. आमच्या वाचनालयात मी सापडलो तो प्रिंटरमुळे. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका छापून निघेना. अख्खी कार्यकारिणी प्रिंटरभोवती उभी राहून त्याला निरनिराळ्या आवाजांत समजावत होती. मी वाकून मागची वायर भिंतीतल्या सॉकेटात घातली आणि कागद बाहेर आला. त्या दिवसाच्या इतिवृत्तात माझ्या नावापुढे 'तांत्रिक सल्लागार' असं लागलं ते कायमचं. बँकेत माझी उभी हयात कर्जखात्यात गेली. आमच्या शाखेत कोअर बँकिंग आलं तेव्हा बाहेरून आलेल्या इंजिनियर पोरांना चहा सांगणं, एवढाच माझा त्या क्रांतीतला सहभाग. पण हे कुणाला सांगावं असं मला वाटलं नाही. निवृत्त माणसाला घरात कुणी सल्ला विचारत नाही. बाहेर कुणी विचारला, तर पात्रतेचा मुद्दा काढून तो मान वाया का घालवा?

वाचनालयाची अडचण मात्र खरी होती. जुने दिवाळी अंक स्कॅन करण्याचं काम चालू होतं. व्याख्यानमालेचे फोटो होते, अनुदानाचे अर्ज होते, सभासदांच्या याद्या होत्या. हे सगळं एका फुकट ई-मेल खात्याच्या १५ जीबी जागेत कोंबलेलं. खातं उघडलं होतं मागच्या कार्यवाहांनी, त्यांच्या मुलाच्या मोबाइल नंबरावर. मुलगा पुढे नोकरीला टोरांटोला गेला. आमच्यासाठी तो भारतातला नंबर बिचाऱ्याने जिवंत ठेवला होता. त्यामुळे आमच्या ग्रंथपालबाईंना सकाळी अकराला वार्षिक अहवाल उघडायचा असला, की टोरांटोत रात्री दीड वाजता एका माणसाचा फोन वाजायचा. सुरुवातीला तो ओटीपी आनंदाने सांगायचा. लग्न झाल्यावर त्याच्या आवाजातला आनंद गेला. आणि मग एके दिवशी ते १५ जीबीही भरले.

"आपण आपला स्वतःचा क्लाउड उभारू," मी सभेत म्हणालो.

आदल्या रात्री मी बरेच व्हिडिओ पाहिले होते. त्यामुळे माझं भाषण चांगलं झालं आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता. फ्रँक कार्लिचेक नावाच्या जर्मन माणसाने जानेवारी २०१० मध्ये सॅन डिएगोच्या एका संमेलनात 'ओनक्लाउड'ची घोषणा केली: आपल्या फायली आपल्याच यंत्रावर ठेवा आणि कुठूनही उघडा. २०१६ मध्ये तो त्या कंपनीतून बाहेर पडला आणि सहकाऱ्यांना घेऊन त्याने 'नेक्स्टक्लाउड' काढलं. सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचं, कुणीही घ्यावं, कुणीही वापरावं. जर्मनीतल्या श्लेस्विग-होलस्टाइन राज्याच्या सरकारने तर २०२४ मध्ये जाहीर केलं, की आमचे ३० हजार संगणक आता मुक्त सॉफ्टवेअरवर जाणार, त्यात नेक्स्टक्लाउडही.

"आपल्याकडे किती संगणक आहेत?" अध्यक्षांनी विचारलं.

"दीड," ग्रंथपालबाई म्हणाल्या. अर्ध्याला मॉनिटर नव्हता.

"खर्च?" खजिनदार.

"सॉफ्टवेअर फुकट. यंत्र देणगीतलं आहेच."

फुकट म्हटलं की आमच्या कार्यकारिणीची चर्चा संपते. ठराव एकमताने मंजूर झाला. सूचक आणि अनुमोदक दोन्ही मीच होऊ पाहत होतो, ते नियमात बसेना, म्हणून अनुमोदन अध्यक्षांनी दिलं. ग्रंथपालबाईंनी फक्त एकच विचारलं, "साहेब, तुम्ही गावाला गेलात तर?" मी हसलो. सभेत शंका काढणाऱ्याकडे पाहून कसं हसायचं, हे मला बँकेत शिकवलेलं होतं.

यंत्र एका सभासद सीएंनी दिलेलं. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्या यंत्रावर चढेना, म्हणून त्यांनी ते आम्हाला ग्रंथसेवेसाठी अर्पण केलं. त्यावर मी डेबियन लिनक्स टाकलं. ते खरोखरच जमलं. हे मुद्दाम सांगतो, कारण यानंतर काही जमल्याचं बऱ्याच वेळाने येणार आहे.

आता खरं म्हणजे माझ्यासारख्याला हे काम सोपं व्हावं, म्हणून जगभरचे हुशार लोक पंधरा वर्षं खपत होते. पूर्वी वेब सर्व्हर वेगळा बसवा, पीएचपी वेगळं, डेटाबेस वेगळा, आणि मग तिघांची एकमेकांशी ओळख करून द्या, असा प्रकार होता. २०१० मध्ये एबेन मोग्लेन या कायद्याच्या प्राध्यापकाने न्यूयॉर्कमधल्या भाषणात म्हटलं, की प्रत्येकाच्या घरी भिंतीतल्या सॉकेटला लावता येईल एवढा छोटा स्वतःचा सर्व्हर हवा. त्यातून 'फ्रीडमबॉक्स' निघाला. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या मंडळींनी 'यूनोहोस्ट' सुरू केलं, त्यात पानावरचं बटण दाबायचं की सॉफ्टवेअर बसतं. २०१३ मध्ये 'डॉकर' आलं आणि सॉफ्टवेअर त्याच्या सगळ्या लवाजम्यासकट एका बंद पेटीतून हलवता येऊ लागलं. केंटन वार्डाने २०१४ मध्ये लोकवर्गणी काढून 'सँडस्टॉर्म' उभं केलं. कल्पना अफलातून होती, पण पैसे संपले आणि २०१७ मध्ये कंपनी गुंडाळावी लागली. नेक्स्टक्लाउडवाल्यांनी स्वतः 'ऑल-इन-वन' नावाचा एक तयार संच काढला, डॉकरवर चालणारा, फायलींपासून बॅकअपपर्यंत सगळं आतच.

एवढ्यांनी एवढं करून ठेवलं असताना मी जुन्या पद्धतीने, हाताने सगळं बसवायला घेतलं. तयार संच वापरणं मला तांत्रिक सल्लागाराच्या हुद्द्याला शोभणारं वाटेना.

एका मार्गदर्शक पानावरून आज्ञा उतरवून घेतल्या आणि अक्षरन् अक्षर टंकल्या. माझी नजर बँकेतली, आकडा चुकत नाही. त्यामुळे जिथे 'इथे आपला पासवर्ड लिहा' असं होतं, तिथे मी इमानदारीने 'इथे आपला पासवर्ड लिहा' असंच लिहिलं, इंग्रजीत. वाचनालयाच्या डेटाबेसचा तोच पासवर्ड झाला. पुढे विश्वासाचे पत्ते लिहायची जागा होती. नेक्स्टक्लाउड आपल्याकडे कोणत्या पत्त्यावरून यायला परवानगी आहे, याची एक यादी ठेवतं. नमुन्यात 'क्लाउड डॉट एक्झाम्पल डॉट कॉम' होतं, मीही तेच ठेवलं. एक्झाम्पल डॉट कॉम हा पत्ता १९९९ पासून नियमानेच केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, तो जगात कुणालाही मिळत नाही, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला ते एखाद्या कंपनीचं नाव वाटलं होतं.

त्या यंत्रावरच बसून उघडलं तर सगळं झकास दिसत होतं. निळं पान, वर वाचनालयाचं नाव. मी उद्घाटन ठरवलं.

उद्घाटनाला तालुक्याच्या कॉलेजचे प्राचार्य आले. नारळ, हार, यंत्राला हळदकुंकू. प्रोजेक्टर अध्यक्षांच्या लॅपटॉपला जोडलेला. प्राचार्यांनी बटण दाबलं आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: 'ॲक्सेस थ्रू अनट्रस्टेड डोमेन'. आम्ही दुसऱ्या यंत्रावरून, यादीत नसलेल्या पत्त्याने आत शिरत होतो आणि क्लाउड आपलं कर्तव्य बजावत होता. प्राचार्यांनी ते वाक्य अध्यापकाच्या खणखणीत आवाजात वाचलं. पाठोपाठ खालचं, व्यवस्थापकाशी संपर्क साधा, हेही वाचलं.

"अनट्रस्टेड कोण?" अध्यक्षांनी विचारलं. मागच्याच वर्षी त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव आणायचा प्रयत्न झाला होता आणि तो कुणी आणला, हे अजून उघड झालेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ती नजर मी कर्जबुडव्यांकडे पाहायचो तीच होती. मी घाईघाईने पेढे वाटायला सांगितले.

रात्री पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो हेच काम करतो, त्यामुळे त्याला विचारायचं मी आजवर टाळलं होतं.

"मामा, हे हाताने कशाला बसवलंस? ऑल-इन-वन टाक. अर्ध्या तासात होईल."

झालंही असतं. पण त्या संचाला खराखुरा पत्ता लागतो, जो बाहेरच्या जगातून सापडेल. भाच्याने विचारलं, "तुमच्याकडे पब्लिक आयपी आहे का?" मी म्हटलं, "असेल की, सार्वजनिक वाचनालय आहे." बराच वेळ तो काही बोलला नाही.

हे प्रकरण मला कळलं तेवढं सांगतो. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून साधारण ४२९ कोटी. त्यातले वाटायला शिल्लक असलेले मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये संपले. मग इंटरनेट पुरवणाऱ्यांनी अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच पत्ता द्यायला सुरुवात केली आणि आतल्या वापरासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून सुरू होणारे आकडे वेगळे काढले गेले. म्हणजे जुन्या वाड्याला बाहेर एकच घरनंबर असतो आणि आत बावीस बिऱ्हाडं, तसं. बिऱ्हाडातून बाहेर पत्र पाठवता येतं, आलेलं उत्तरही मिळतं. पण अनोळखी माणूस दारात आला आणि 'वाचनालय कुठलं?' विचारू लागला, तर सांगायला कुणी नाही. पत्त्यांची नवी पद्धत, आयपीव्ही६, आहे. तिच्यात टंचाई नाही. पण आमच्या गावात येणाऱ्या जोडणीत ती नव्हती.

मी आमच्या इंटरनेटवाल्याला फोन लावला. त्याने पहिला प्रश्न केला, "कॅमेऱ्यासाठी का?" नाही म्हटल्यावर, "मग कशाला?" तालुक्यात पब्लिक आयपी मागणारे सगळे सीसीटीव्हीवाले. वाचनालयाला तो कशाला लागावा, हे त्याला पटेना. क्लाउड म्हटल्यावर तो म्हणाला, "तो तर वर असतो ना?" शेवटी त्याने वर्षाचा आकार सांगितला आणि मी तो खजिनदारांकडे नेला.

"पत्त्याचे पैसे?" खजिनदार म्हणाले. "आपला पत्ता गेली साठ वर्षं तोच आहे. मारुतीच्या देवळामागे."

ते खर्चखाती पाहत राहिले. अखेर 'टपाल व तार' या खात्यात तो खर्च पडला. पुढे प्रमाणपत्राचा प्रश्न आला. ब्राउझरला संस्थेची ओळख पटावी म्हणून जे डिजिटल प्रमाणपत्र लागतं, ते 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा संस्था डिसेंबर २०१५ पासून सगळ्यांना फुकट देते. ते ९० दिवस चालतं आणि संच आपोआप नवं करून घेतो. खजिनदारांना फुकटची पावती हवी होती. प्रमाणपत्र आहे, पैसे दिलेले नाहीत, म्हणजे देणगी. आणि देणगी म्हणजे देणगीदाराचा पॅन नंबर. मी त्यांना पटवण्याचा प्रयत्न सोडून दिला.

तर असा, शेवटी ऑल-इन-वन टाकून, आमचा क्लाउड चालू झाला आणि पुष्कळ दिवस खरंच चांगला चालला. दिवाळी अंकांची पानं चढली. ग्रंथपालबाईंनी यंत्राची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात केली: 'क्लाउड, नग एक, देणगी, स्थिती चालू.'

त्यानंतर त्याचं वेळापत्रक लक्षात यायला लागलं. आमचं वाचनालय सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ उघडं असतं. क्लाउडही सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ उघडा असायचा. सोमवारी सुट्टी. मी रात्री घरून बघायला जावं तर बंद. लॉग तपासले, राउटर बदलला, इंटरनेटवाल्याशी भांडलो. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, अशी लक्षणं त्याने कुठे वाचलेली नाहीत. शेवटी एका संध्याकाळी आठ वाजता मी वाचनालयातच थांबलो आणि आमच्या शिपायाने सगळे दिवे मालवून, खिडक्या लावून, मेन स्विच खटकन खाली ओढलेला पाहिला. फार पूर्वी शॉर्टसर्किट होऊन संदर्भ विभागातले काही ग्रंथ जळाले होते. तेव्हापासून जाताना मेन बंद करायचा, असा कार्यकारिणीचा ठराव आहे. ठराव मोडायला ठरावच लागतो आणि पुढची सभा दोन महिन्यांनी होती.

यात एक गंमत झाली. रोजच्या बॅकअपची वेळ मी पहाटे ४ ची लावली होती, सगळं गाव झोपलेलं असताना. पण त्या संचात वेळ द्यायची ती जागतिक प्रमाणवेळेत. तिथले पहाटेचे ४ म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ. बॅकअप चालू असताना क्लाउड तेवढा वेळ बंद असतो, म्हणून रोज साडेनऊला, ऐन गर्दीत, ग्रंथपालबाईंच्या समोरचं पान जायचं. त्या मला फोन करायच्या, मी "दहा मिनिटं थांबा" म्हणायचो आणि दहा मिनिटांनी ते आपोआप चालू व्हायचं. त्यामुळे माझ्याबद्दल त्यांचं मत थोडं सुधारलं होतं. वेळ मी बरोबर टाकली असती, तर पहाटे वीजच नसती आणि एकही बॅकअप झाला नसता. माझ्या कारकिर्दीतलं जे काही यश आहे, ते हे.

बॅकअप होत होता त्याच यंत्राच्या त्याच डिस्कवर. दुसरी डिस्क घ्यायला पैसे लागले असते आणि 'फुकट' असा शब्द देऊन बसलो होतो.

दरम्यान अध्यक्षांनी मोबाइलवर नेक्स्टक्लाउडचं ॲप घालून मागितलं. मी घालून दिलं आणि सेवा म्हणून 'ऑटो अपलोड' चालू करून दिलं, म्हणजे कार्यक्रमांचे फोटो परस्पर वाचनालयात येतील. फोल्डर निवडताना मी सगळेच निवडले. अध्यक्ष चौदा व्हॉट्सॲप ग्रुपांत आहेत. रोज पहाटेपासून सुप्रभात, गुलाबाची फुलं, वाफाळता चहा, सुविचार, नातवाचे व्हिडिओ, रात्री शुभरात्री, हे सगळं संस्थेच्या दप्तरात जमा होऊ लागलं. आणि रोज साडेनऊला त्याचा बॅकअपही इमानाने होत होता.

याच काळात माझ्या पुतणीचं लग्न बेळगावला निघालं. मी निघालो त्याच आठवड्यात वाचनालयाची वार्षिक तपासणी आली. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आम्ही 'ब' वर्गात आहोत. अनुदान या तपासणीवर असतं. लग्नाच्या दिवशी सकाळी ग्रंथपालबाईंचा फोन.

"साहेब, 'इंटर्नल सर्व्हर एरर' आलंय. दहा मिनिटं थांबले, वीस मिनिटं थांबले. जात नाही. दुपारी तपासणीला येणारेत."

डिस्क भरली होती. डेटाबेसला एक ओळ लिहायलाही जागा नव्हती. मी मांडवाच्या कोपऱ्यात, सनईवाल्याच्या मागे उभा राहून आज्ञा सांगू लागलो.

"बाई, काळ्या खिडकीत लिहा: सुडो."

"पुढे?"

"मोकळी जागा. मग डी एफ. मोकळी जागा. आडवी रेघ. एच."

"रेघ वरची की मधली?"

"मधली. आखूड."

जागा शंभर टक्के भरल्याचं त्यांनी वाचून दाखवलं. जुने बॅकअप काढून टाकले की सुटेल, असा माझा हिशेब. दोन फोल्डर होते, एक 'एनसीडेटा', एक 'एनसीबॅकअप'. मी आरएम ही पुसायची आज्ञा सांगू लागलो. मागे मंगलाष्टकं चालू झाली होती. फोन कानाला दाबून मी फोल्डरचं नाव ओरडून सांगितलं आणि म्हणालो, "आता एंटर दाबा!" त्याच क्षणी भटजींनी माइकवरून 'सावधान' म्हटलं.

बाई थांबल्या.

"साहेब, हे पुसायचं आहे ना? मग निर्लेखन झालं. त्याला कार्यकारिणीचा ठराव लागतो. ठरावाशिवाय मी एक फाटका अंकसुद्धा काढत नाही." मग त्यांनी समोरची ओळ मला सावकाश वाचून दाखवली. "आणि तुम्ही 'एनसीडेटा' सांगितलंत. डेटा म्हणजे आपल्या फायली ना?"

मी बँकेत बत्तीस वर्षं काढली. आकडा चुकत नाही म्हणून माझी ख्याती होती. अक्षता माझ्या हातात तशाच राहिल्या.

तपासणी उत्तम झाली. आलेल्या अधिकाऱ्यांनी क्लाउड विचारलाच नाही. त्यांना दाखल नोंदवही हवी होती, ती कागदाची होती. अहवाल हवा होता, त्याची छापील प्रत बाईंनी आधीच काढून ठेवली होती. डेडस्टॉक पाहताना मात्र त्यांचं बोट थांबलं. "क्लाउड, नग एक. हा नग कुठे आहे?" बाईंनी जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांमधलं यंत्र दाखवलं. त्यांनी त्यावर हात ठेवून पाहिला, गरम होतं, आणि रजिस्टरात बरोबरची खूण केली.

मी परत आलो तेव्हा कारभार माझ्याकडून गेलेला होता. बाईंनी एक वही घातली होती. सगळे पासवर्ड सीलबंद पाकिटात, पाकीट लोखंडी कपाटात, किल्ली दोघांकडे. मेन स्विच बंद केला तरी यंत्र चालू राहावं अशी वेगळी जोडणी, ठराव क्रमांकासह. अध्यक्षांच्या सुप्रभाती रीतसर निर्लेखित. आणि दर शनिवारी बॅकअपची डिस्क वाचनालयातून उचलून दुसऱ्या आळीतल्या खजिनदारांच्या घरी. हे शेवटचं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी शिरलं ते त्यांनी माहेरी असताना पाहिलं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला एका बड्या होस्टिंग कंपनीचं केंद्र जळालं, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता अशा काही गिऱ्हाइकांचं मूळही गेलं, बॅकअपही. म्हणजे आमच्या बाई युरोपातल्या व्यावसायिकांच्या एक पाऊल पुढे आहेत. हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते असू दे, पासवर्ड बदलून ठेवलाय."

माझं मत विचाराल तर, ही सॉफ्टवेअरं बनवणाऱ्यांनी अर्धं काम फार छान केलं आहे. बसवणं खरंच अर्ध्या तासाचं झालं आहे. पण छोट्या संस्थेची अडचण पहिल्या दिवशी नसतेच. पहिल्या दिवशी उत्साही माणूस हजर असतो, पेढेही असतात. अडचण येते तो माणूस बेळगावला गेल्यावर. डिस्क भरत आली तर ते इंग्रजी लॉगात लिहून ठेवण्याऐवजी ग्रंथपालाच्या समोर मराठीत का येऊ नये? कारभार दुसऱ्याच्या हाती सोपवायचं बटण पहिल्याच पानावर का नको? आणि वाचनालयांनी तरी हे एकेकट्याने का करावं? न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या ग्रंथालय न्यासाचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल पेलणार नव्हतं, म्हणून त्यांनी एका कंपनीकडून नवं लिहून घेतलं आणि जगाला खुलं करून टाकलं. तेच 'कोहा', आज भारतातली कितीतरी ग्रंथालयं त्यावर चालतात. फ्रान्समध्ये 'फ्रामासॉफ्ट'ने २०१६ मध्ये छोट्या सर्व्हरवाल्यांचा संघ बांधला, आपापल्या भागातल्या संस्थांना सेवा देणारा. आपल्याला तर हे कुणी शिकवायला नको. प्रवरानगरला विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी १९५० च्या सुमारास सहकारी कारखाना उभा केला. दूध, पतपेढी, खतं, सगळं सहकारात झालं. सर्व्हर तेवढा ज्याचा त्याने आपापल्या कपाटात ठेवायचा आणि एका निवृत्त माणसाच्या भरवशावर सोडायचा, हा हिशेब कर्जखात्यातल्या माणसालाही पटत नाही.

तालुक्यातल्या वाचनालयांनी मिळून एक यंत्र घ्यावं, दोन ठिकाणी बॅकअप ठेवावेत आणि एका शिकल्यासवरल्या पोराला किंवा पोरीला त्याचा महिन्याला रीतसर पगार द्यावा, असा ठराव आमच्या कार्यकारिणीने केला आहे. ज्या वाचनालयांना यात यायचं असेल, त्यांनी आमच्या ग्रंथपालबाईंशी बोलावं. माझ्याशी बोलू नये; ठरावात तसं स्पष्ट लिहिलं आहे.